मोर्चा पहिल्या आठवड्यात, साक्ष चौथ्या वर्षी



खुनाच्या खटल्याबद्दल आपल्याकडे दोन क्रियापदं चालतात. कोर्टात खटल्याचा निकाल 'लागतो' आणि गावात प्रकरण 'मिटतं'. कायद्याच्या पुस्तकात खून मिटवता येत नाही. कोणते गुन्हे आपसात तडजोडीने मिटवता येतात याची यादी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. त्या यादीत खून नाही. तरीही आपल्या माणसांच्या खुनाची प्रकरणं मिटवली जातात. ती कुठे आणि कशी मिटतात, आणि त्या काळात आपण कार्यकर्ते कुठे असतो, हे दोन्ही प्रश्न आम्हाला इथे मांडायचे आहेत.

आधी एक नजर अमेरिकेकडे टाकू. तिथे आपल्या जिल्ह्यासारखी काउंटी असते आणि खुनाचे बहुतेक खटले काउंटीच्या पातळीवरच चालतात. सरकारी वकिलांचा प्रमुख बहुतेक राज्यांत मतदानाने निवडून येतो. हा सरकारी वकील आणि आरोपीचा वकील यांच्यात सौदा होऊ शकतो: आरोपीने गुन्हा कबूल करायचा, त्या बदल्यात आरोप किंवा शिक्षा सौम्य करायची. खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर येऊन थांबतो. २०१२ च्या एका निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच नमूद केलं की राज्यांच्या न्यायालयांतल्या सुमारे ९४ टक्के शिक्षा अशा कबुलीतून येतात. या पद्धतीत अन्याय आहेच. जामिनाला पैसे नसलेला गरीब, बहुतेकदा काळा तरुण, मोठ्या शिक्षेच्या भीतीने न केलेलाही गुन्हा कबूल करू शकतो. पण तो सौदा निदान न्यायाधीशासमोर येतो आणि कागदावर राहतो.

भारतात २००६ पासून अशा सौद्याला कायद्यात जागा मिळाली, पण सात वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे त्यातून वगळले. म्हणजे खुनात सौदा नाही. कायदा असा कडक आहे. मग सौदा होतो कुठे? तो पारावर होतो, सोसायटीच्या ऑफिसात होतो, मालकाच्या शेताच्या बांधावर होतो. तिथे न्यायाधीश नसतो आणि मेलेल्याची आईही नसते. आणि तिथे विकायला एकच गोष्ट असते: साक्षीदाराने डोळ्यांनी जे पाहिलं ते.

खर्डा आठवा. २८ एप्रिल २०१४, जामखेड तालुका. १७ वर्षांच्या नितीन आगेला शाळेतून मारत नेलं आणि त्याचं प्रेत झाडाला लटकलेलं सापडलं. दिवसाढवळ्या, लोकांच्या डोळ्यांदेखत. त्या आठवड्यात नेत्यांच्या गाड्यांनी रस्ता भरला, राज्यभर मोर्चे निघाले, आपणही त्यात होतो. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने नऊ आरोपींना निर्दोष सोडलं, कारण महत्त्वाचे साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. खून आणि निकाल यांच्यात साडेतीन वर्षं गेली. नितीनचा खटला त्या साडेतीन वर्षांत मिटला, कोर्टाने २०१७ मध्ये त्याची फक्त नोंद केली.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी काय घडलं होतं ते आपण कमी बोलतो. सुरेखा आणि प्रियंका या मायलेकी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्षीदार होत्या. ज्यांच्याविरुद्ध त्या बोलल्या ते जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हल्ला झाला. म्हणजे खैरलांजी हा दोन साक्षीदार बायकांचाही खून होता. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं ठरवलं. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची जन्मठेप दिली आणि जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही. भैय्यालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले, तोवर ते न्यायासाठी फिरतच होते. खेड्यातल्या बौद्ध साक्षीदाराने यातून काय धडा घ्यायचा? बोललीस तर सुरेखा होशील, हाच ना?

म्हणून "आपलीच माणसं विकली जातात" असं कुणी बोललं की आम्हाला राग येतो. साक्षीदाराचा दिवस एकदा जवळून बघा. रोजंदारी बुडवून तो एसटीने जिल्ह्याला येतो. कोर्टाच्या व्हरांड्यात ज्या बाकावर तो बसतो, त्याच बाकावर आरोपीचा चुलता बसलेला असतो. दुपारी कळतं की आज तारीख पुढे गेली. परतीला तीच एसटी आणि तोच चुलता. ज्याच्या शेतावर काम, त्याचाच भाऊबंद आरोपी. पाण्याची पाइपलाइन त्याच्या हातात, पिठाची गिरणी त्याची, उसनवारी त्याच्याकडची. असं एकदा नाही, चार वर्षांत पंधरा वेळा. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली ती याचसाठी. खेड्यात बहिष्काराचं हत्यार कुऱ्हाडीपेक्षा जास्त काळ चालतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

यावर दुसरी बाजू म्हणते, "आरोपी सुटले म्हणजे केस खोटी होती." २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या प्रचाराला बळ दिलं, २ एप्रिलला समाज रस्त्यावर उतरला आणि संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. आमचं उत्तर साधं आहे. खर्ड्यातलं प्रेत खोटं नव्हतं. फितूर साक्षीदारांवर उभी राहिलेली निर्दोष सुटका साक्षीदारांची अवस्था सांगते, खून झाला की नाही हे सांगत नाही. याचा अर्थ पुरावा नसताना कुणालाही आत टाका असा नाही. खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोचण्यासाठीच साक्षीदाराला निर्भयपणे बोलता आलं पाहिजे.

सोनईचं उदाहरण समोर ठेवा. १ जानेवारी २०१३ ला मेहतर समाजातल्या तीन तरुणांचा खून झाला. खटला नगरहून नाशिकला हलवला. मुख्य आधार परिस्थितीजन्य पुराव्याचा होता. जानेवारी २०१८ मध्ये सहा जण दोषी ठरले. फाशीबद्दल आमच्यात मतभेद आहेत, तो वाद वेगळा. एवढं मात्र दिसतं की खटला आरोपींच्या दबावाच्या टप्प्याबाहेर गेला आणि पुरावा फक्त शेजाऱ्याच्या जिभेवर टांगला नाही, तर निकाल वेगळा लागू शकतो.

कायद्यात साधनं कमी नाहीत. २६ जानेवारी २०१६ पासून ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५अ आहे. पीडित, त्यांच्यावर अवलंबून असणारे आणि साक्षीदार यांना संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडल्यास पुनर्वसन, आणि जामिनाच्या सुनावणीत पीडितांचं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क, हे सगळं त्यात आहे. कामकाजाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करा असंही ते सांगतं. कलम १४ म्हणतं, शक्यतो आरोपपत्रापासून दोन महिन्यांत खटला पूर्ण करा. नियम ११ प्रवासभत्ता देतो. नियम १७ नुसार जिल्हा दक्षता समितीने दर तीन महिन्यांनी बसायचं आहे. आणि एक गोष्ट नीट पाहा: खुनाच्या प्रकरणात सव्वाआठ लाखांची मदत अर्धी शवविच्छेदनानंतर आणि उरलेली अर्धी आरोपपत्र कोर्टात गेल्यावर मिळते. म्हणजे साक्ष सुरू होण्याआधीच सरकारचा तो हिशोब पूर्ण होतो. खरी गरज त्यानंतर लागते.

आणि आपण? आपला हिशोब तर त्याहून आधी पूर्ण होतो. अंत्ययात्रा, निवेदन, मोर्चा, फलक, फोटो. आरोपपत्र दाखल होईपर्यंत आपण पुढच्या गावच्या प्रकरणात असतो. साक्षीच्या तारखेला कोर्टात आरोपीच्या बाजूने चाळीस माणसं असतात आणि आपल्या साक्षीदाराच्या बाजूला त्याची बायको. हे आम्ही इतरांना सुनावत नाही. आम्हीही हेच केलं आहे. एका खटल्यात फितूर झालेल्या माणसाला आम्ही जाब विचारायला गेलो, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही शेवटचे कधी आला होता?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आमचा प्रस्ताव छोटा आहे. प्रत्येक तालुक्यात अशा एका खटल्याची एक वही ठेवा. त्यात प्रत्येक तारीख लिहा. प्रत्येक तारखेला किमान दहा माणसं साक्षीदारासोबत एसटीत बसतील हे पाहा. महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब तपासातच न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवून घ्यायला लावा. एकट्या त्या जबाबावर शिक्षा होत नाही, पण नंतर शब्द फिरवणं अवघड होतं. कलम १५अ खालचा अर्ज पहिल्याच महिन्यात द्या. बुडालेली मजुरी विहाराच्या दानपेटीतून भरा. धम्मदानाचा यापेक्षा चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही.

मोर्चा काढूच. पण मोर्चाच्या फलकाचा खर्च अर्धा करा आणि उरलेल्या पैशात एसटीची तिकिटं काढा. आपल्या लेकरांचे खून मिटवायचे नसतील, तर चौथ्या वर्षीच्या साक्षीच्या दिवशी त्या व्हरांड्यातल्या बाकावर आपण बसलेले असलो पाहिजे.

जय भीम! जय संविधान!