शिकवणाऱ्यालाच मत नाही

छोट्या गावच्या प्राध्यापकांच्या हाती अभ्यासक्रम दिला तर सगळा आनंदीआनंद होईल, असं मुंबईत म्हणतात आणि अलिबागेतही म्हणतात. मुंबईकर म्हणतात त्यात तोरा असतो, अलिबागकर म्हणतात ते सवयीनं. दोघांचाही समाचार आता घ्यायला हवा, कारण हा वाद परिसंवादापुरता उरलेला नाही. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं नव्या शैक्षणिक धोरणाचा पदवीचा आराखडा आला आणि २०२४-२५ पासून तो संलग्न महाविद्यालयांच्या वर्गात उतरला. चौल-रेवदंड्याहून एसटीनं अलिबागच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या ताटात आता मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली असे पदार्थ पडताहेत. वाढप्याला मात्र कुणी विचारलेलं नाही.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा दर्जाचा. सगळीकडे एक अभ्यासक्रम, एक प्रश्नपत्रिका, म्हणजे चर्चगेटच्या आणि रेवदंड्याच्या मुलाची पदवी एकाच मोलाची. ऐकायला हे समतेचं वाटतं. पण मुंबई विद्यापीठाच्या सात जिल्ह्यांत आणि आठशेहून अधिक महाविद्यालयांत ही एकवाक्यता पिढ्यान् पिढ्या नांदते आहे. तिनं पदवीचं मोल एक झालं का? नोकरी देणारा पहिला प्रश्न कॉलेज कुठलं हाच विचारतो. आणि वरून ठरवण्यानं दर्जा राखला जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०१७ चा उन्हाळा आठवावा. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय ऐन हंगामात झाला. ४७७ परीक्षा, सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. त्या स्कॅन होऊन येईपर्यंत प्राध्यापक रिकामे बसले, आल्या तेव्हा यंत्रणा अडखळली. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, मुलांचे पुढचे प्रवेश लोंबकळले, आणि ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून जावं लागलं. त्या काळात दोष कुणाच्या माथी मारला जात होता? तपासायला न येणाऱ्या शिक्षकांच्या. लाल पेन ज्याच्या हातात असतं त्याला आधी विचारलं असतं, तर हे निदान एक वर्ष पुढे ढकलून थोड्या विषयांवर करून पाहा, एवढं तरी त्यानं सांगितलं असतं.

दुसरा मुद्दा कायद्याचा, आणि तो मांडणारे बहुधा कायदा वाचत नाहीत. अभ्यास मंडळावर प्राध्यापकच तर असतात, असं ते म्हणतात. असतात. पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार तिथले सहा शिक्षक कुलगुरू नेमतात आणि महाविद्यालयांतले विभागप्रमुख आपल्यातून निवडून देतात ते तिघे. नेमलेले निवडलेल्यांच्या दुप्पट. त्या तिघांत रायगडचा कुणी असेलच याची हमी नाही; मतदारसंघ कुलाब्यापासून सावंतवाडीपर्यंत पसरलेला. बरं, कॉलेजपुरतं तरी काही? तिथे महाविद्यालय विकास समिती आहे. वर्षातून निदान चारदा भरते, नवे अभ्यासक्रम सुरू करण्याची शिफारस करते. तिच्यावर तीन शिक्षक निवडून जातात, त्यांतली किमान एक स्त्री. चांगली तरतूद आहे. पण त्यांना निवडतात पूर्णवेळ शिक्षक.

गोम इथेच आहे. अनुदानित पदं वर्षानुवर्षं रिक्त, आणि वर्गात उभा असतो तासिका तत्त्वावरचा माणूस. नेट-सेट झालेला, कधी पीएच.डी.सुद्धा. तास वाजेल त्याचे पैसे, तेही महिनोन् महिने उशिरा. मे महिन्यात काहीच नाही. नवा अभ्यासक्रम जूनअखेर हाती पडला की पुस्तक बाजारात यायच्या आत नोट्स काढणार तोच. चाचणीचे गुण भरणार तोच. हा विषय आपल्याकडे चालेल का, हे विचारायच्या बैठकीला मात्र त्याला खुर्ची नसते. याला शिक्षकांचा कारभार म्हणणं हा विनोद आहे.

तिसरा आक्षेप खरा जड आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. प्राध्यापक अभ्यासक्रमाला हात घालतात ते आपला कार्यभार वाचवायला, असं म्हणतात. यात तथ्य आहे. आराखडा आला तेव्हा स्टाफरूममधली पहिली चर्चा माझे किती तास जातील हीच होती. मुलांना काय मिळेल हा विषय चहानंतर निघाला. पण माणसाची नोकरी तासांवर टांगून ठेवायची आणि मग तो तास मोजतो म्हणून नाक मुरडायचं, हा न्याय कुठला? उपाय बैठक उघड करण्यात आहे. विद्यार्थी प्रतिनिधी समोर असताना, इतिवृत्तात नाव जाणार असताना, केवळ स्वतःचे तास वाचवणारा ठराव मांडायला धीर लागतो. बंद दाराआड संस्थेच्या मुख्य कार्यालयाशी फोनवर बोलायला तो धीर लागत नाही, आणि आज चालतं ते नेमकं असंच.

मग उद्योगांनी ठरवू द्या, असं म्हणणारे येतात. कौशल्याचा बोलबाला असल्यानं त्यांचा आवाज मोठा आहे. उद्योगाला बैठकीला जरूर बोलवावं. विकास समितीत त्याला जागा आहेच. पण सूत्रं त्याच्या हाती? रेवदंड्याच्या खाडीपलीकडे साळावचा कारखाना पाहा. विक्रम इस्पात म्हणून उभा राहिला, मग वेलस्पनकडे गेला, मग जेएसडब्ल्यूकडे. मालक बदलला की गरज बदलते. मुलाला मात्र तीच पदवी जन्मभर वापरायची असते.

आता आमचं म्हणणं. मुख्य विषयाचा गाभा विद्यापीठानं ठरवावा, त्याबद्दल भांडण नाही. अर्थशास्त्राची मागणी-पुरवठ्याची रेघ चौलात वेगळी वळत नाही. पण खुला ऐच्छिक, क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं चार श्रेयांकांचं, म्हणजे १२० तासांचं प्रशिक्षण, हे सारं कॉलेजच्या शिक्षकांनी मतदानानं ठरवावं.

का, ते कळायला चौलच्या वाडीत एकदा जाऊन या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळलं आणि नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ नव्यानं लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर त्या घरातला मुलगा वाणिज्य शाखेत शिकून, पास होऊन बाहेर पडतो. पंचनाम्यात क्षेत्रावर भरपाई आणि झाडावर भरपाई यांत वाडीवाल्याचं किती नुकसान होतं, मधल्या वर्षांचं उत्पन्न कसं धरायचं, वाडीवर पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या तर कर्ज फिटतं का, हा अस्सल हिशेबाचा विषय आहे. तो त्याच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही. घरी आजोबा तोंडी करतात.

यावर, स्थानिक म्हणजे डबकं, असं कुणी म्हणेल. चौलबद्दल असं म्हणणाऱ्यानं इतिहास वाचलेला नाही. अरब प्रवासी मसुदी दहाव्या शतकात आला तेव्हा हे सैमूर नावानं समुद्रापार माहीत होतं. पंधराव्या शतकात रशियाचा निकितीन इथेच उतरला. पुढे पोर्तुगीज आले, त्यांचा कोट रेवदंड्यात अजून उभा आहे. तिथेच बेने इस्रायलींचं सिनेगॉगही आहे. वाटेत आक्षीचा शिलालेख, अलिबागेत १९०४ पासूनची चुंबकीय वेधशाळा. इतिहासाच्या आणि भौतिकीच्या शिक्षकांनी मिळून एक ऐच्छिक विषय आखला, तर जगाचा अभ्यास शेअर रिक्षाच्या भाड्यात होईल.

हे अशक्य नाही. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजं म्हणजे तुमच्याआमच्या मुलांचीच, घरून ये-जा करणाऱ्यांची कॉलेजं. तिथे १९८८ च्या कायद्यानं अभ्यासक्रमासारख्या शैक्षणिक बाबींत प्राध्यापकांच्या सिनेटशी विचारविनिमय करणं व्यवस्थापनावर बंधनकारक झालं. अर्धवेळ शिक्षकांची रड तिथेही आहे. पण विचारायचं कुणाला, हे कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडेही स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःचं अभ्यास मंडळ असतं. स्वायत्तता मिळण्याइतकं मोठं न झालेल्या कॉलेजातला शिक्षक तेवढ्यानं अडाणी ठरत नाही.

कायद्यातला 'पूर्णवेळ' हा शब्द बदलायला विधिमंडळ लागेल, आणि ते होईल तेव्हा होईल. पण तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला बैठकीला बोलावण्यास, त्याचं मत इतिवृत्तात नोंदवण्यास आज कुठलाही कायदा आड येत नाही. प्राचार्यांनी विकास समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर खुल्या ऐच्छिकांची निवड हा विषय घ्यावा, निवडून गेलेल्या तिघांनी तो लावून धरावा, आणि पालकांनी त्या इतिवृत्ताची प्रत मागावी.