वरून खाली येणारे मरण

परतीचा पाऊस सरला, की गुलाब छाटायचे दिवस येतात आणि आमच्या आळीतली मंडळी मला गाठतात. मराठीच्या प्राध्यापकाला व्याकरण विचारायला कुणी येत नाही. काळी पडलेली फांदी दाखवायला मात्र हटकून येतात.

या रोगाला शेंडेमर म्हणतात. छाटलेल्या वा मोडलेल्या टोकातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली वाळत येते. माणूस पायांकडून थकतो, गुलाब डोक्याकडून! काळे तेवढेच कापून भागत नाही. त्याखाली आणखी दोन-तीन बोटे, आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत उतरावे लागते. काप तिरपा, बाहेरच्या अंगाच्या डोळ्याच्या जरा वर. दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. कापलेल्या काटक्या कुंडीतच टाकू नयेत, जाळाव्यात.

मग मलम. मोरचूद 100 ग्रॅम आणि कळीचा चुना 100 ग्रॅम, अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे कालवून एकत्र करावे. लोखंडी खिळा बुडवून पाहावा. तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला. हे बोर्डो मलम त्याच दिवशी लावून टाकावे. याचे मूळ मोठे गमतीचे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेलींना केवडा होत नाही, हे मियार्दे या शास्त्रज्ञाने हेरले आणि 1885 साली जाहीर केले. चोरांचेही शेतीवर उपकार असतात ते असे.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंचा गुलाब पाहिला. काकांनी लावलेला, काका आता नाहीत. माळी म्हणाला होता, उपटून टाका. तीन फांद्यांपैकी दोन बुडापर्यंत गेल्या, तिसरीवर वीतभर हिरवे आणि दोन डोळे उरले. महिन्याने बुंध्याशी जोमदार फुटवा आला. काकू हरखल्या. पण तो डोळा भरलेल्या जागेच्या खालून, म्हणजे जंगली खुंटाचा होता. "राहू दे ना, जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "काकू, हा काकांचा गुलाब नव्हे," मी म्हटले. थोड्या वेळाने त्यांनीच तो मुळाशी ओढून काढला. वरच्या दोन डोळ्यांतला एक पुढे फुटला.

अशा झाडाला लगेच खत घालू नये. आजाऱ्याला कुणी श्रीखंड-पुरी वाढत नाही. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. नवी पालवी पुरती उलगडली, की मूठभर शेणखत पुरे. पहिल्या कळ्या मात्र खुडाव्यात, आधी पाने वाढू द्यावीत.