घरचे आरोग्य : निवळशंख पाणी

पाणी निवळशंख दिसले व जिभेला गोड लागले, की आपण निःशंकपणे घडा भरतो. परंतु रोगजंतूंना ना रंग, ना चव. त्यांचा माग काढण्यासाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक साधी कसोटी प्रसिद्ध केली. औषधी कागद घातलेल्या निर्जंतुक बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरावे आणि बूच लावून ती उबदार जागी ठेवावी. एकदोन दिवसांत पाणी काळे पडल्यास त्यांत विष्ठा मिसळल्याचा दाट संशय घ्यावा. असे पाणी उकळूनच प्यावे.

बाटली काळी झाली नाही, म्हणजे सारे आलबेल असे मात्र नव्हे. कूपनलिकेच्या पाण्यातील फ्लोराइड या कसोटीला दिसत नाही. उकळल्याने तर ते जात नाहीच. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते! लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटांत गेल्यास मुलांचे दात डागाळतात. प्रमाण फारच असेल तर हाडे व सांधेही ताठरतात. तेलंगणातील नळगोंडा जिल्ह्याने हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. फ्लोराइडची तपासणी निराळी. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासण्यास शिकविण्याची तरतूद आहे. आपल्या गावी त्या कोण, हे भगिनींनी ग्रामपंचायतीत अवश्य विचारावे.