पाच पॉइंटांचं जर्नल

कॉन्व्हेक्स हलचं प्रॅक्टिकल असलेली कुठलीही चार जर्नल्स शेजारी शेजारी ठेवून बघा. कव्हरं वेगळी, अक्षरं वेगळी, पण इनपुट? पाच नाहीतर सहा पॉइंट, आणि तेही वर्षानुवर्षं तेच! घराण्यातल्या दागिन्यासारखे सीनियरकडून ज्युनियरकडे उतरत आलेले. आउटपुट बरोबर येतं, सही होते, सबमिशन संपतं. पण त्या सहीचा अर्थ काय? प्रोग्राम बरोबर आहे, की त्या पाच पॉइंटांपुरता बरोबर आहे?

माझं म्हणणं सरळ आहे. प्रॅक्टिकलमध्ये प्रोग्रामइतकंच महत्त्व त्याला दिलेल्या इनपुटला हवं. आणि चांगलं इनपुट बनवायला लायसन्स लागत नाही की भारी मशीन लागत नाही. कमांड लाइनवरचं एक छोटंसं टूल पुरतं. त्याचं नाव आरबॉक्स.

आरबॉक्स हे क्यूहल या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येतं. क्यूहलमागचा अल्गोरिदम बार्बर, डॉब्किन आणि हुहदानपा या तिघांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. ऑक्टेव्हमध्ये किंवा पायथॉनच्या सायपायमध्ये आपण हल काढतो, तेव्हा आत काम करतं ते क्यूहलच. आरबॉक्सचं काम मात्र एकच, पॉइंट तयार करणं. खिडकी नाही, माउस नाही, रंगीत बटणं नाहीत. 'आरबॉक्स १० डी२' असं (अर्थात इंग्रजीत) टाइप केलं की चौरसात कुठेही पडलेले दहा पॉइंट हजर. नुसतं 'सी' दिलं तर घनाचे आठ कोपरे. 'एस' दिलं तर सगळे पॉइंट गोलाच्या पृष्ठभागावर, 'एम' दिलं तर जाळीवर, 'झेड' दिलं तर पूर्णांकात. मग पाइपची उभी रेघ टाकायची आणि ते पॉइंट थेट पुढच्या प्रोग्रामच्या तोंडात द्यायचे.

कुणी म्हणेल, "यात विशेष काय राव? रँड फंक्शन वापरून पॉइंट आम्हीही काढतो!" इथेच तर खरी गोम आहे. रँडम पॉइंट फार सज्जन असतात. तीन पॉइंट बरोबर एका रेषेत किंवा चार बरोबर एका वर्तुळावर असं त्यांच्यात जवळजवळ कधीच होत नाही. आणि पुस्तकंही तेच गृहीत धरतात: 'समजा, कोणतेही तीन बिंदू एकरेषीय नाहीत.'

आता पुस्तक मिटून बाहेर बघू. सोलापूर हायवेने भिगवण सोडून इंदापूरकडे निघालं की लोणी देवकर लागतं. रस्त्याकडेचे विजेचे खांब बघा, एका रेषेत. इंदापूर तालुक्यातल्या डाळिंबाच्या बागा बघा. साडेचार बाय तीन मीटरवर लागवड केली तर हेक्टरी सुमारे ७४० झाडं, सगळी जाळीवर. एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये फ्लँज हातात घ्या, बोल्टची सगळी भोकं एकाच वर्तुळावर. माणसाने मोजून मांडलेली वस्तू रेषेत, जाळीत नाहीतर वर्तुळात असते. म्हणजे पुस्तक ज्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवतं, तोच आपल्या भागातला रोजचा डेटा आहे!

बागेचंच उदाहरण घेऊ. चार शेजारच्या झाडांचा आयत होतो आणि आयताचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतात. या झाडांना जोडून डेलोनी त्रिकोणांची जाळी करायची आहे. तिचा नियम असा, की कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत चौथा पॉइंट यायला नको. आयतात हा कर्ण घ्या नाहीतर तो, दोन्ही उत्तरं बरोबर! आता प्रोग्रामने काय करायचं? नीट विचार करून लिहिलेला नसेल तर तो दोन्ही कर्ण काढतो, किंवा एकही काढत नाही, किंवा अडकून बसतो. सिव्हिलच्या मित्रांनी हसू नये. सरासरी पावसासाठी तुम्ही काढता ते थिसेन पॉलिगॉन ही याच जाळीची दुसरी बाजू आहे. तिथे चूक झाली तर पर्जन्यमापकाच्या वाट्याचं क्षेत्र चुकतं, आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

अवघड प्रश्न बनवणं हे दुय्यम काम नाही, हे इतिहासही सांगतो. डँट्झिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत व्यवहारात झकास चालत होती. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या दोघांनी एक मुद्दाम वाकडा केलेला घन पुढे ठेवला. त्यावर ही पद्धत एकूण एक कोपरा फिरून येते. तीन मितींत कोपरे आठच, पण पन्नास मितींत दोनचा पन्नासावा घात! मग याहून खात्रीची पद्धत आहे का, हा प्रश्न टाळता येईना. १९७९ मध्ये खाचियन यांनी एक उत्तर दिलं. १९८४ मध्ये आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी बेल लॅब्जमधून व्यवहारातही टिकणारं उत्तर दिलं. करमरकरांचं नाव आपण अभिमानाने घेतो. तो वाकडा घन बनवणाऱ्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

म्हणून एक साधी सूचना. प्रत्येकाने जर्नलमध्ये पॉइंटांची यादी न लिहिता आरबॉक्सच्या तीन कमांड लिहाव्यात: एक रँडमची, एक जाळीची, एक वर्तुळाची. रँडमच्या कमांडमध्ये 'टी' लिहून पुढे आपला रोल नंबर टाकायचा. तो नंबर सीड म्हणून वापरला जातो, त्यामुळे प्रत्येकाचे पॉइंट वेगळे येतात. तरीही एक्स्टर्नल सरांनी तीच कमांड दिली की तेच पॉइंट पुन्हा समोर येतात. आउटपुटच्या पहिल्या ओळीत मितीबरोबर कमांडही छापलेली असते, म्हणजे डेटा स्वतःचा जन्मदाखला घेऊनच फिरतो. आपलं उत्तर क्यूहलच्या उत्तराशी ताडून बघायला एक मिनिट पुरतं.

सिलॅबस पुरा होत नाही, बॅच मोठी असते, वेळ कुठून आणायचा, या अडचणी खऱ्या आहेत. पण तीन कमांड लिहायला अर्धं पानही लागत नाही. शिवाय आता कॉन्व्हेक्स हलचा प्रोग्राम एआय दोन मिनिटांत लिहून देतो. तो बरोबर आहे का हे ठरवणं मात्र आपल्याकडेच राहतं. उद्या फ्लँजवर भोक पाडणाऱ्या मशीनला आपला प्रोग्राम जोडला जाईल, तेव्हा तिथे सही करायला सर नसतील आणि पॉइंटही पाच नसतील. प्रोग्राम कुठे मोडतो हे लॅबमध्येच कळलेलं बरं. तिथे फक्त एक पान वाया जातं.