त्यागमूर्तीच्या पलीकडील लक्ष्मीबाई

लोकांसाठी आयुष्य वेचलेली एखादी स्त्री निवर्तली की तिच्याविषयी जे लिहिले जाते, त्याची एक ठरलेली भाषा आपल्याकडे आहे. त्या चंदनासारख्या झिजल्या, पतीच्या पाठीशी सावलीसारख्या उभ्या राहिल्या, घर सांभाळून समाजकार्य केले, दारी आलेला कोणी विन्मुख गेला नाही, मुखी सदैव ईश्वराचे नाव होते. यांतले एकही वाक्य खोटे नसते. तरीही लेख वाचून झाल्यावर ती बाई कशी होती, हे आपल्याला कळलेले नसते. तिच्या जागी दुसरे नाव घातले तरी लेख तसाच्या तसा चालतो. आमच्या मते ही केवळ शैलीची उणीव नाही. सेवा करणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची जी दृष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे, तीच या भाषेत उतरते. या दृष्टीला उत्तर देणारे एक पुस्तक मराठीत केव्हाच लिहिले गेले आहे आणि त्याच्या लेखिकेचा जन्म व मृत्यू दोन्ही नाशिकच्या परिसरातले आहेत. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या गावातला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वयाच्या अकराव्या वर्षी, १८८० मध्ये, त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक त्या वेळी संस्कृतच्या अध्ययनासाठी नाशकात होते. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि संसार दुभंगला. पुढे पतिपत्नी एकत्र आली, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला. १९१९ मध्ये टिळक गेले. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिक येथे निवर्तल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने मराठी गद्याला जे दिले, त्याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांला येथे बोलायचे आहे ते त्या पुस्तकातल्या सेवेविषयी. ती तेथे पानोपानी आहे, पण ‘सेवा’ या नावाने क्वचितच येते.

लक्ष्मीबाईंनी संस्था काढली नाही. त्यांच्या काळातील ज्या स्त्रिया आपण सेवेच्या संदर्भात आठवतो, त्यांच्या नावापाठीमागे बहुधा एखादी वास्तू उभी असते. पंडिता रमाबाई म्हटल्या की केडगावचे मुक्तिसदन डोळ्यांसमोर येते, रमाबाई रानडे म्हटल्या की पुण्याचे सेवासदन. लक्ष्मीबाईंपाशी होते ते फक्त घर, आणि तेही भाड्याचे, वारंवार बदलणारे. राहुरीच्या काळात दुष्काळाने पोरकी केलेली मुले त्या घरात आली. नगरच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तरुण कवी येऊन राहिला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाने ज्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली, तोच हा मुलगा; लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. याखेरीज पाहुणे, विद्यार्थी, निराधार, नातेवाईक. या कामाचा अहवाल निघत नाही, वार्षिक सभा होत नाही, कोनशिला बसत नाही. म्हणून चरित्रकोशांत ते ‘घरात अनेकांना आश्रय दिला’ एवढ्या एका वाक्यात संपते.

आणि त्या वाक्याचा कर्ताही बहुधा टिळक असतात. येथे आमचा पहिला आक्षेप आहे. टिळकांच्या औदार्याविषयी कोणालाच शंका नाही, लक्ष्मीबाईंना तर मुळीच नाही. समोरच्याचे दुःख पाहिले की त्यांना राहवत नसे आणि हाती आलेला पैसा घरापर्यंत पोचेलच याची शाश्वती नसे. परंतु घरात आणलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी खायला काय घालायचे, आजारी पडले तर रात्री कोणी जागायचे, हा प्रश्न औदार्यापाशी सुटत नाही, तो चुलीपाशी सुटतो. ‘स्मृतिचित्रे’त देणाऱ्याचा हात आणि निस्तरणाऱ्याचा हात असे दोन वेगळे हात दिसतात. बाई हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, पण लपवीतही नाहीत. मृत्युलेखांच्या भाषेत मात्र हे दोन्ही हात एकच होतात आणि तो हात पतीचा ठरतो.

दुसरा आक्षेप श्रद्धेविषयीचा आहे. लक्ष्मीबाई पतीच्या पाठोपाठ ख्रिस्ती झाल्या, असे सर्रास म्हटले जाते. कालक्रमाने ते बरोबर आहे, अर्थाने नाही. टिळकांचा बाप्तिस्मा आणि त्यांचा बाप्तिस्मा यांत पाच वर्षांचे अंतर आहे. ती वर्षे माहेरच्या माणसांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरास, अपमान आणि अनिश्चितता सोसत गेली. पतीकडे परतल्यावरही त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. आपले सोवळे वेगळे राखले. आणि जेव्हा बदल घडला तेव्हा त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मनातला जातिभेद गेला, बाप्तिस्मा त्यानंतर आला.

हा क्रम आम्हांला त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली वाटतो. ‘स्मृतिचित्रे’चा प्रारंभ वडिलांच्या सोवळ्याने होतो, हे वाचकांना आठवत असेल. १८५७ नंतरच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, अशा धाकात ही मुलगी वाढली. तो भाग वर्गात वाचून दाखविला की विद्यार्थी हसतात, आणि हसावे असाच तो लिहिलेला आहे. परंतु तेथेच न थांबता पुढे वाचीत गेले म्हणजे ध्यानात येते की जिथे दुसऱ्याचा स्पर्श हेच संकट मानले जाई, अशा घरातली मुलगी पुढे कोणाकोणाच्या मुलांना न्हाऊमाखू घालीत होती, आपल्या पंक्तीला बसवीत होती. या दोन घरांमधले अंतर लक्ष्मीबाई स्वतःच्या पायांनी चालून गेल्या. त्यांची सेवा एखाद्या उपदेशातून सुरू झाली नाही. शिवण्याचे भय सुटले तेथून ती सुरू झाली. धर्मांतराच्या बाजूने वा विरुद्ध ज्यांना बोलायचे असेल त्यांनी अवश्य बोलावे. पण हा प्रवास ‘पतीच्या पाठोपाठ’ या शब्दांत मावत नाही, एवढे दोन्ही बाजूंनी मान्य करावयास हवे.

हा दोष केवळ आपल्या मृत्युलेखांचा नाही. १९५० मध्ये ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला, त्याचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. हे शब्द किंग जेम्स बायबलमध्ये पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात येतात, तेव्हा त्यांना भक्तीचा अर्थ आहे हे आम्ही नाकारीत नाही. तरीही सामान्य वाचकाच्या मनात त्या नावातून उभी राहते ती नवऱ्यामागून चालणारी बायकोच. शांता गोखले यांचा संपूर्ण अनुवाद २०१७ मध्ये आला. तो पुस्तकाला मोठा न्याय देणारा आहे, मात्र त्याच्या उपशीर्षकातही ‘वाइफ’ हा शब्द आहेच, तेजस्वी असली तरी पत्नीच. मूळ मराठी नावात पत्नी नाही, अनुसरण नाही, आहेत त्या फक्त स्मृती आणि चित्रे. आपले पुस्तक कोणाच्या नात्याने ओळखले जावे, याची चिंता लेखिकेने केलेली दिसत नाही. ती तिच्यानंतरच्यांनी केली.

‘ख्रिस्तायना’चे उदाहरण याहून बोलके आहे. टिळकांनी आरंभिलेले हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर त्यांच्या मृत्यूने थांबले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. काव्याचा एवढा मोठा भाग ज्या हाताने लिहिला तो हात आपण ‘पूर्ण करणारा’ म्हणून नोंदवतो आणि काव्य टिळकांचे म्हणून ओळखतो. आरंभ करणाऱ्याला कर्तृत्व आणि शेवटास नेणाऱ्याला निष्ठा, ही आपली वाटणी आहे. घरातल्या मुलांच्या बाबतीत जे झाले तेच काव्याच्या बाबतीत झाले.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही एका प्रसन्न पुस्तकाला श्रमांची खतावणी करू पाहता. ‘स्मृतिचित्रे’ लोकांना प्रिय आहे ते त्यातल्या विनोदामुळे, टिळकांच्या विसराळूपणामुळे, नवराबायकोच्या रुसव्याफुगव्यांमुळे. त्यात अन्याय शोधीत बसल्याने हाती काय लागणार? हा आक्षेप आम्हांला मोलाचा वाटतो, कारण लक्ष्मीबाईंनी स्वतःही तो घेतला असता. त्या स्वतःवर हसतात, स्वतःच्या सोवळ्यावर, अज्ञानावर, हट्टावर हसतात. टिळकांचा राग सांगताना त्यांची मायाही सांगतात. त्यांना दुर्बळ अबला करणे म्हणजे त्यांच्यावर दुसऱ्या प्रकारचा अन्याय होईल.

पण हा विनोद त्या पुस्तकात काय करतो, हेही पाहावे. एके काळच्या चरित्रलेखनात पतीला देवत्व देण्याची रीत होती. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० चे पुस्तक फार सुंदर आहे, पण त्यातला प्रकाश पतीवर आहे आणि लेखिका बुद्ध्याच अर्धी अंधारात उभी आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याला देव करीत नाहीत आणि स्वतःला देवी करीत नाहीत. विनोद त्यांना दोन्हींपासून वाचवतो. ज्या क्षणी आपल्या कष्टांची आरती ओवाळली जाण्याची शक्यता निर्माण होते, त्या क्षणी त्या काहीतरी हास्यास्पद सांगून मोकळ्या होतात. त्यामुळे कष्ट लहान होत नाहीत, ते माणसाचे राहतात. त्यागमूर्तीला भूक नसते, तिला राग येत नाही, तिला ‘आता पुरे’ असे कधी वाटत नाही. लक्ष्मीबाईंना हे सारे वाटते आणि त्यानंतरही त्या दार उघडतात. दार उघडण्याची किंमत कळते ती यामुळेच.

साहित्याच्या अध्यापकांपुढे म्हणून आमचे एक साधे म्हणणे आहे. ‘स्मृतिचित्रे’तील सुटे गमतीदार उतारे शिकवण्याची सवय आता सोडावी. वडिलांचे सोवळे शिकवावे, पण त्याच्या शेजारी राहुरीचे आणि नगरचे घरही शिकवावे, म्हणजे पहिल्याचा अर्थ दुसऱ्यात कळेल. विद्यार्थ्यांना विचारावे की या घरात कोणी काय दिले आणि ते कोणी निभावले. मग त्यांना आपल्या आजीविषयी, मावशीविषयी, आळीतल्या एखाद्या काकूंविषयी दोन पाने लिहायला सांगावीत. अट एकच: ‘त्याग’, ‘झिजणे’, ‘सावली’ हे शब्द वापरायचे नाहीत. शब्द काढून घेतले की माणूस दिसू लागतो, हा अनुभव त्यांना येईल.

मंदिरात, चर्चमध्ये, दवाखान्याच्या ओसरीवर, महिला मंडळाच्या सतरंजीवर अशी कामे करणाऱ्या बायका नाशकात आजही आहेत. त्यांच्यातल्या फारच थोड्या आपले आयुष्य लिहून ठेवतील. उरलेल्यांविषयी लिहिण्याचे काम आपल्याकडे येईल. तेव्हा त्यांनी कोणाला जेवू घातले एवढेच न लिहिता त्या दिवशी घरात पीठ किती होते, हेही लिहावे. त्या कशावर चिडत, कशाला नकार देत आणि कशावर हसत, हे लिहावे. जलालपूरच्या मनकर्णिकेने स्वतःविषयी लिहिताना एवढा खरेपणा पाळला. आपण इतरांविषयी लिहिताना त्याच्या निम्मा पाळला तरी श्रद्धांजली या शब्दातली श्रद्धा थोडी अधिक खरी होईल.