मोडशी, मीठपाणी आणि ओशॉनेसी

‘मोडशी’ हा शब्द आपल्या भूमीत जुना. गार्सिया द ऑर्ता याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आणि त्याचे देशी नावही नोंदवले. त्याच रोगावरचा खरा उपाय ज्याला पहिल्यांदा दिसला, त्या विल्यम ब्रुक ओशॉनेसीचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल.

1831 साली कॉलरा इंग्लंडच्या संडरलँड बंदरात पोचला. रोगी पाण्यावाचून सुकत असताना डॉक्टर त्याचेच रक्त काढीत, वर पाऱ्याचे औषध आणि अफू देत. एडिंबरोत शिकलेला हा आयरिश तरुण तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. त्याने तर्क लढवत न बसता रोग्यांचे रक्त रसायनशास्त्राच्या कसोटीवर तपासले. रक्तातले पाणी आणि क्षार घटले होते आणि तेच क्षार जुलाबात सापडत होते. मग जे गेले ते परत भरा, एवढा साधा निष्कर्ष! 1832 साली लीथच्या थॉमस लाटा या डॉक्टरने शिरेतून मीठपाणी देऊन मरणाच्या दारातले काही रोगी उठवलेसुद्धा.

आणि पुढे? काही नाही. साथ ओसरली, उपाय मागे पडला. 1833 साली ओशॉनेसी कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आला, म्हणजे कॉलऱ्याच्या माहेरीच. तिथे मेडिकल कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवू लागला. भांग-गांजाचे औषधी गुण त्याने तपासले, देशी औषधींवर ग्रंथ लिहिला आणि पुढे हिंदुस्थानभर तारायंत्राचे जाळे उभारले. 1856 साली ‘सर’ झाला तोही तारेमुळे. मीठपाणी राहिले बाजूलाच.

आम्हा कारकुनांना हा प्रकार अनोळखी नाही. टिपण उत्तम असते, पण पाठपुरावा करणारा नसला की फाईल कपाटात जाते. इथे कपाटात गेली ती लाखोंची आयुष्ये. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्सने कलकत्त्यात शिरेतून मीठपाणी देणे रुजवले, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. 1971 साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी सरळ पिण्यास दिले आणि मृत्यू 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आणले.

माझे मत विचाराल तर शोध लावणाऱ्याइतकाच मान तो शोध शेवटच्या माणसापर्यंत नेणाऱ्याला द्यायला हवा. महालनबीसांना पद्मविभूषण जाहीर झाले 2023 साली, ते गेल्यानंतर. आणि काम तरी कुठे संपले आहे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या दर दहा मुलांपैकी सुमारे चौघांना ओआरएस मिळालेच नव्हते. ओशॉनेसीचे टिपण पावणेदोनशे वर्षांहून जुने झाले. पाठपुरावा अजून चालूच आहे, आणि तो आता आपल्या हाती आहे.