दीड तासाचं कराची

नातवाच्या शाळेनं प्रकल्प दिलाय : आशियातल्या दहा शहरांचं मुंबईपासूनचं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ. फोनवर बघून तो भराभर लिहीत होता. कराचीपाशी आला : सुमारे 875 किलोमीटर, दीड तास.

मी म्हटलं, थांब. कुठलं विमान?

31 वर्षं मी भूगोल शिकवला. पृथ्वीगोलावर दोरा ताणायचा, मोजपट्टीला लावायचा, अंतर फळ्यावर लिहायचं. मुंबईला कराची दिल्लीपेक्षा जवळ आहे, हे सांगितलं की पोरं डोळे विस्फारायची. मलाही मजा यायची. दोरा खोटं बोलत नाही असं मी छातीठोक सांगायचो. आता त्याची थोडी लाज वाटते.

माझी आई कराचीत जन्मली. आजोबा बंदरावर कारकून, मामा नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाच्या शाळेत. ही शाळा 1855 पासूनची. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे आमच्या लोकांना तिकडे जाणं म्हणजे बदलीच्या गावी जाणं. 1947 मध्ये आई नऊ वर्षांची होती. दोन रात्री बोटीवर काढून ती मुंबईत उतरली, ती पुन्हा गेली नाही.

हीच वाट हवेतूनही होती : 15 ऑक्टोबर 1932 ला 28 वर्षांचे जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून सकाळी साडेसहाच्या सुमारास निघाले. इवलंसं पुस मॉथ विमान, सोबत कोणी नाही. अहमदाबादला इंधन भरलं आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. सव्वासात तास. 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी तेच उड्डाण जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा केलं. तेव्हाही ते करता आलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आज कराचीला जायचं तर दुबईमार्गे. तीन तास पश्चिमेला उडायचं, विमानतळावर बसायचं, मग दोन तास उलटं यायचं. म्हणजे जेआरडींपेक्षा जास्तच वेळ, आणि तोही व्हिसा मिळाला तर! एप्रिल 2025 मध्ये भारत आणि पाकिस्ताननं एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं. त्याचा फटका तिसऱ्यालाही बसला : दिल्लीहून ताश्कंद चेन्नईपेक्षा जवळ, पण वळसा घालून तिथवर पोहोचणं भारतीय कंपनीच्या विमानांच्या आवाक्याबाहेर गेलं, म्हणून तिला आपली थेट सेवा थांबवावी लागली.

आकाश बंद करावं की नाही, हा माझा प्रांत नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर मीही संतापलो होतो. माझं भांडण त्या दीड तासाशी आहे. विमानाचा वेग घेतला, अंतराला भागलं, झाला वेळ! वेळापत्रकात नसलेल्या विमानाचा वेळ छापणं म्हणजे पूल वाहून गेलेल्या नदीवर 'पलीकडचं गाव अर्धा मैल' अशी पाटी ठेवणं. ते खोडा, किंवा दुबईचा वळसा धरून लिहा. पाठ्यपुस्तकातही अंतराशेजारी 'आज कसं जाता येतं' असा एक रकाना हवा. तो दरवर्षी बदलावा लागला तर बदला, एवढे कागद छापतोच आपण.

नातवानं माझं ऐकून वेळेच्या रकान्यात 'थेट विमान नाही' असं लिहिलं. बाईंनी त्यावर लाल गोल करून अर्धा गुण कापला आणि शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं : दीड तास.